धर्मशास्त्राचा तास आणि बाबा पदमनजी

विद्यार्थिमित्रहो, मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी कोणती, या प्रश्नाचे उत्तर तुम्ही सामान्यज्ञानाच्या वहीत कधीतरी लिहिले असेलच. ‘यमुनापर्यटन’, सन १८५७, लेखक बाबा पदमनजी. परीक्षेच्या कामापुरते एवढे पुरते. परंतु हे बाबा आपल्या बेळगावचे. त्यांचे इंग्रजी शिक्षण बेळगावच्याच मिशन शाळेत सुरू झाले. आणि शाळेच्या वेळापत्रकातील एका तासाने त्यांच्या सबंध आयुष्याची दिशा पालटली, ही हकीकत त्या एका ओळीत कोठून यावी? तो तास होता धर्मशास्त्राचा. गणित, भूगोल, व्याकरण यांच्या रांगेत बसविलेला, पाठ करावयाचा व प्रश्नोत्तरांनी तपासावयाचा एक विषय. त्या तासाच्या अनुरोधानेच बाबांचे चरित्र येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय आमच्या लोंढ्यास परका नाही. गोव्याकडे जाणारी, हुबळीकडे जाणारी आणि बेळगावकडे जाणारी अशा तीन वाटा ज्या जंक्शनात मिळतात, तेथील वर्गात एकाच बाकावर तीन भाषा आणि तीन धर्म बसलेले असतात. डब्यातील भाकरी वाटून खाताना कोणी कोणास धर्म विचारीत नाही; पण शाळेत धर्म शिकवावा काय, शिकवावा तर कोणाचा, आणि कोणाच्या संमतीने, हा प्रश्न आमच्या गावातल्या ओसरीवर आजही निघतो. बाबांच्या काळी तो ओसरीवर नव्हे, तर न्यायालयात आणि जातीच्या पंचायतीत निघत असे.

बाबांचा जन्म १८३१ साली बेळगाव येथे झाला. मुळे हे त्यांचे आडनाव आणि जात कासाराची. वडील पदमनजी माणिकजी हे सरकारी नोकरीत होते. घर खाऊनपिऊन सुखी आणि धर्मनिष्ठ. बेळगाव इंग्रजांकडे जाऊन तेव्हा अवघी तेरा वर्षे झाली होती, आणि लष्करी छावणीमुळे गावाचे रूप झपाट्याने पालटत होते. हे १८३१ सालही मोठे बोलके आहे. त्याच वर्षी मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मुंबईत मोरभट दांडेकर आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचा जाहीर धर्मवाद झाला आणि मोरभटांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हा ग्रंथ छापला. म्हणजे भाषेचा कोश आणि धर्माचा वाद या दोन गोष्टी बाबांच्या पाळण्यापाशीच उभ्या होत्या म्हणावयाच्या. पुढील पाऊणशे वर्षे त्या दोहोंनी त्यांची पाठ सोडली नाही.

बेळगावात लंडन मिशनचे काम १८२० साली जोसेफ टेलर यांनी सुरू केले. पुढे विल्यम बेनन त्यांस येऊन मिळाले. त्यांनी काढलेली इंग्रजी शाळा हीच आजच्या बेननस्मिथ हायस्कुलाची पूर्वज. या शाळेत मुले का जात, हे नीट समजून घेतले पाहिजे. धर्म शिकावा म्हणून कोणी आपला मुलगा तेथे पाठवीत नसे. इंग्रजी आले म्हणजे कचेरीत कारकुनी मिळे आणि घराचे दैन्य फिटे. आणि इंग्रजी शिकविणाऱ्या शाळा होत्याच किती? पालकांस हवे होते इंग्रजी. मिशनऱ्यांस द्यावयाचे होते ख्रिस्ताचे नाव. दोघांचा हा व्यवहार उघड होता. पाद्री आपला हेतू लपवून ठेवीत नसत, आणि पालकही तो हेतू ठाऊक असूनच मुलास धाडीत. घरातले संस्कार घट्ट आहेत, कानावरून चार गोष्टी गेल्याने काय होणार, असा त्यांचा भरवसा असे. बहुतेकांच्या बाबतीत तो खराही ठरला. शेकडो मुले त्या बाकांवरून उठून नोकरीस लागली आणि दहा आज्ञा विसरून गेली.

आमच्या कोकणी मुलखात धर्मशिक्षणाची याहून जुनी रीत होती, तिच्याशी ही ताडून पाहण्यासारखी आहे. रायतूरच्या बाजूस राहिलेल्या फादर स्टीफन्स यांनी मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचिले, ते १६१६ साली छापले गेले. आणि त्यांची कोकणीतील प्रश्नोत्तररूप ‘दौत्रिना’ त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली प्रसिद्ध झाली. ख्रिस्ती कोकणी घरांतील मुले जिला दोतोर्न म्हणतात ती हीच परंपरा. पण दोतोर्न शिकणारे मूल त्या घरातलेच असते. जे आईच्या तोंडून ऐकले तेच ते पाठ म्हणते. मिशन शाळेतील मुलाची स्थिती निराळी. त्याला सकाळी घरी तुळशीला पाणी घालावयाचे, आणि दुपारी शाळेत मूर्तिपूजेच्या निषेधावरील प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे. एकाच दिवसात दोन घरांत राहावे तसे हे होते. बहुतेक मुले एक घर खरे मानून दुसऱ्यास परीक्षेपुरते मानीत. ज्याला दोन्ही घरे खरी वाटली त्याची मात्र झोप उडाली.

बाबा अशांपैकी होते. लहानपणी ते पुराणपोथ्यांच्या श्रवणवाचनात रमणारे, स्नानसंध्येचे नियम कसोशीने पाळणारे भाविक मूल होते. आमच्या मते त्यांच्या चरित्राची किल्ली येथेच आहे. धर्माविषयी बेफिकीर असलेल्या मुलास धर्माच्या तासाने काही होत नाही. ज्याला घरातला धर्म मनापासून खरा वाटतो, त्यालाच दुसरा धर्म ऐकताना धक्का बसतो. कारण तो दोन्ही बोलण्यांस सारख्याच गांभीर्याने कान देतो. मिशन शाळेतील तास केवळ गोष्टींचा नसे. बायबलातील उतारा वाचावयाचा, त्याचा अर्थ सांगावयाचा, त्यातून नीतीचा नियम काढावयाचा, आणि मग त्या नियमाने आपले व जगाचे वर्तन मोजावयाचे, अशी त्याची पद्धत होती. देवाने सर्व माणसे एकाच मातीची घडविली असे उत्तर ज्याने दिले, त्याला लगोलग जातिभेदाविषयी विचारले जाई. उत्तर बरोबर आले की मुलगा अडचणीत सापडे. गणितात असे होत नाही. तेथे उत्तर बरोबर आले की काम संपते.

बाबा पुढे शिक्षणासाठी मुंबईस गेले. तेव्हा लोंढ्याची रेल्वे कोठली! ती १८८० नंतरच्या दशकात आली. बेळगावचा प्रवासी बहुधा घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरास जाई व तेथून समुद्रमार्गे मुंबई गाठी. मुंबईत त्या वेळी शाळांचे दोन पंथ होते. एल्फिन्स्टन विद्यालय आणि त्याच्या कुळातील सरकारी शाळा यांत धर्माचे नावही काढावयाचे नाही, असा दंडक होता. लोकांच्या धर्मभावना दुखविल्या तर राज्यास धोका, हे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी आरंभीच ओळखले होते. याउलट स्कॉटिश मिशनच्या शाळेत धर्म हाच केंद्रस्थानी आणि बाकीचे विषय त्याच्या भोवती. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडल्यानंतर विल्सन, नेस्बिट, मरे मिचेल ही मंडळी फ्री चर्चकडे गेली. त्यांच्याच विद्यालयात बाबा दाखल झाले.

या शाळेच्या नावाभोवती तेव्हा भीतीचे वलय होते, आणि ते उगाच नव्हते. १८३९ साली विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि शाळा बव्हंशी ओस पडली. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले व त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या आश्रयास गेला. श्रीपत अजाण वयाचा. न्यायालयाने त्यास वडिलांच्या स्वाधीन केले. पण मुलगा घरी आला तरी जातीत कसा घ्यावयाचा? त्याने परधर्मीयांच्या घरचे अन्न खाल्ले होते. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीचा पक्ष घेतला आणि त्यापायी सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. विद्यार्थ्यांनो, श्रीपत तुमच्याएवढाच होता. त्याच्या मनात काय चालले होते, याचा विचार कोर्टाला, पाद्र्यांना आणि जातीला कितपत सुचला असेल, हे आम्हांस नेहमी कोडे वाटते. सर्वांनी त्याच्यावर हक्क सांगितला.

बाबांचे प्रकरण या दोन्हींपेक्षा सावकाशीचे आहे, आणि म्हणूनच आम्हांस ते अधिक मोलाचे वाटते. त्यांच्या मनात नवा धर्म शिरला तो एका दिवसात नव्हे. शाळेत जे पटे ते घरी आचरणात आणण्याचे धैर्य होत नसे, आणि घरी जे आचरावे लागे ते मनास पटेनासे झाले होते. या ओढाताणीत वर्षांमागून वर्षे गेली. दरम्यान त्यांनी एक तिसरी वाटही चोखाळून पाहिली. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आदी सुधारकांनी परमहंस सभा स्थापन केली. दादोबा म्हणजे मराठी व्याकरणकार दादोबा, तेच. या सभेचे सभासद एक देव मानीत, जातिभेद मानीत नसत, आणि त्याची खूण म्हणून बंद दाराआड एकमेकांच्या हातचे, प्रसंगी ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचे सेवन करीत. बाबा या सभेत सामील झाले होते. गमतीची गोष्ट अशी की, या सभेतील पुष्कळ तरुण सरकारी शाळांत, म्हणजे जेथे धर्माचा तासच नाही अशा शाळांत शिकलेले होते. धर्माचा तास काढून टाकला म्हणजे मुलाच्या मनात धर्माविषयी प्रश्न उठत नाहीत, असे ज्यांना वाटते त्यांनी परमहंस सभेचा इतिहास अवश्य पाहावा. इतिहास आणि सृष्टिशास्त्र यांच्या तासांनीही तेच काम केले होते.

परंतु सभेचे सगळे गुप्त होते. बाहेर ज्या रूढीला मान द्यावयाचा ती आत मोडावयाची, आणि बोलावयाचे मात्र नाही! बाबांच्या स्वभावास हे मानवले नाही. सभासदांच्या विद्वत्तेबद्दल शंका नव्हती. पण जे खरे मानले ते उजेडात करता येत नसेल तर त्या मानण्याचा उपयोग काय, असा पेच त्यांच्यापुढे उभा राहिला असावा. ही सभा पुढे १८६० च्या सुमारास तिचे गुपित फुटताच विस्कळित झाली, त्यावरून बाबांचा अंदाज चुकला नव्हता असे म्हणता येईल.

अखेर १८५४ च्या सप्टेंबर महिन्यात बेळगाव येथे बाबांनी बाप्तिस्मा घेतला. वय वर्षे तेवीस. ते श्रीपतसारखे अजाण नव्हते, म्हणून कोर्टास काही विचारण्याचे कारण उरले नव्हते. पण घरास होते. जन्मगावी, ज्ञातिबांधवांच्या डोळ्यांदेखत हे घडले. आईवडिलांचे दुःख कसे असेल ते शब्दांत सांगण्याची गरज नाही. त्या काळी मुलगा ख्रिस्ती होणे म्हणजे तो घराला मेल्यासारखाच होता, किंबहुना अधिक, कारण मेलेल्याचे श्राद्ध तरी करता येते. लहानपणी लग्न झालेली त्यांची पत्नीही त्यांच्यामागून नव्या धर्मात आली नाही. तिचा यात काय अपराध होता? वर्गात जो प्रश्न सुटला म्हणून एका मुलाने सुटकेचा निःश्वास टाकला, त्याची किंमत वर्गात कधीही पाऊल न टाकलेल्या एका मुलीने मोजली. बाबांच्या चरित्रकारांनी या बाईकडे फारसे पाहिलेले नाही. आम्हांस मात्र तिच्याकडे पाहिल्यावाचून पुढे जाववत नाही, आणि विधवांची कैफियत मांडणारी कादंबरी याच लेखकाच्या हातून उतरावी, यात काही संबंध असेल काय, असेही मनात येते.

त्याच १८५४ सालाच्या जुलै महिन्यात लंडनहून कंपनीच्या संचालकांचा तो प्रसिद्ध खलिता निघाला होता, जो चार्ल्स वुड यांच्या नावाने ओळखला जातो. त्याने ठरविले की सरकारी शाळांत शिक्षण केवळ ऐहिक असावे. खाजगी शाळांस, मग त्या मिशनच्या असोत की आणखी कोणाच्या, त्यांच्या ऐहिक शिक्षणाकडे पाहून अनुदान द्यावे, आणि तेथे कोणता धर्म शिकविला जातो याची तपासणी अधिकाऱ्यांनी करू नये. यात एक बारीक कलम मोठे मनोरंजक आहे. सरकारी शाळेच्या ग्रंथालयात बायबल ठेवण्यास हरकत नाही. विद्यार्थ्याने आपण होऊन काही विचारले तर शिक्षकाने सांगावे, मात्र शाळेची वेळ संपल्यावर! तास आणि तासाबाहेरचा वेळ यांत राज्यकर्त्यांनी अशी एक रेघ ओढली. पण मुलाच्या मनातील घंटा शिपायाच्या हाती नसते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही असे दिसते.

बाप्तिस्म्यानंतर बाबा स्वतःच शिक्षक झाले. पुण्यास फ्री चर्च मिशनच्या शाळेत त्यांनी अध्यापन केले. म्हणजे ज्या तासाला ते बाकावर बसले होते, त्याच तासाला आता ते मेजामागे उभे राहिले. १८६७ साली त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली आणि १८७३ पर्यंत पुण्याच्या मंडळीची पाळकी त्यांनी केली. त्यानंतर मुंबईत ट्रॅक्ट सोसायटी व बायबल सोसायटी यांच्यासाठी लेखन-संपादनाचे काम अखेरपर्यंत चालविले. ‘सत्यदीपिका’सारखी नियतकालिके त्यांनी संपादिली. लहानमोठी शंभराहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. इतक्या पुस्तकांची जंत्री देऊन आम्ही वाचकांस शिणवणार नाही. दोनतीन ठिकाणी तेवढे थांबू.

पहिले ठिकाण ‘यमुनापर्यटन’. १८५६ साली विधवाविवाहास कायद्याची संमती मिळाली आणि दुसऱ्याच वर्षी हे पुस्तक निघाले. यमुना आणि तिचा पती विनायक हे दोघेही ख्रिस्ती शिक्षणाचा संस्कार झालेले, परंतु उघडपणे ख्रिस्ती न झालेले जोडपे. ते प्रवासास निघतात आणि नागपूर, सातारा, पंढरपूर अशा ठिकाणी त्यांना विधवा भेटत जातात. एकीचे केशवपन, दुसरीचा छळ, तिसरीची फसवणूक. गोष्ट पुढे सरकते ती या भेटींतून. मग विनायकच अपघाताने मरतो, आणि इतका वेळ दुसऱ्यांची दुःखे ऐकणारी यमुना स्वतः विधवा होते. शेवटी ती ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. कथानक म्हणून पाहिले तर हे सैल आहे, आणि शेवट तर धर्मशास्त्राच्या तासातील उत्तरासारखा आधीच ठरलेला आहे. पण मधला प्रवास! त्यापूर्वी मराठी गद्यात राजपुत्र होते, चातुर्याच्या कथा होत्या. शेजारच्या घरातील परकऱ्या मुलीचे वैधव्य नव्हते. ते बाबांनी आणले. १८५२ साली, म्हणजे बाप्तिस्म्याच्याही आधी, त्यांनी स्त्रियांच्या विद्याभ्यासावर निबंध लिहिला होता, हे लक्षात घेतले म्हणजे कळते की नीतीच्या तासातून त्यांनी पहिल्याने जे उचलले ते मतांपेक्षा माणसांविषयी होते.

दुसरे ठिकाण कोशांचे. १८६० साली त्यांनी ‘शब्दरत्नावली’ हा मराठी समानार्थी शब्दांचा कोश केला. त्यांच्या जन्मवर्षी निघालेल्या मोल्सवर्थ यांच्या प्रचंड कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली झाली होती. ती सामान्य विद्यार्थ्यास न परवडणारी आणि न पेलणारी. बाबांनी तिचा संक्षेप करून १८६३ साली हाती धरता येईल असा कोश सिद्ध केला. शाळाशाळांतून तो गेला. येथे धर्म हिंदू की ख्रिस्ती हा प्रश्नच नव्हता. देव्हारा, सोवळे, नैवेद्य, तुळशीवृंदावन हे सारे शब्द, जे जग त्यांनी सोडले त्या जगाचे शब्द, त्यांनी तितक्याच काळजीने निवडले व त्यांचे अर्थ जपले. घर सुटले तरी घरची भाषा त्यांनी सोडली नाही. कोकणी घरात जन्मून मराठीत शिकलेल्या आणि मराठीच शिकविणाऱ्या आमच्यासारख्यास यातील ओलावा अधिक जाणवतो.

तिसऱ्या ठिकाणी थांबणे आम्हांस तितकेसे आवडत नाही, पण टाळून चालणार नाही. बाबांनी वादग्रंथही पुष्कळ लिहिले. कृष्ण आणि ख्रिस्त यांची तुलना करणारे त्यांचे पुस्तक १८६७ चे. त्या काळचा वादाचा रिवाज तसाच होता. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद घातले, त्यांच्या बाजूनेही शब्द जपून वापरले जात नव्हते. तरीही ज्या पुस्तकात एक देवता मोठी ठरविण्यासाठी दुसरी लहान करावी लागते, त्या पुस्तकाचे आयुष्य वादाइतकेच असते. आज ती पुस्तके अभ्यासकांखेरीज कोणी उघडीत नाही. त्यामानाने ‘नव्या करारावर टीका’ हा त्यांचा १८७७ चा भाष्यग्रंथ निराळ्या जातीचा आहे. तेथे दुसऱ्याशी भांडण नाही, आपला ग्रंथ आपल्या भाषेत समजावून सांगण्याची शिक्षकाची चिकाटी आहे.

पुण्यात बाबांचा जोतीराव फुले यांच्याशी स्नेह होता. जोतीरावही पुण्याच्या स्कॉटिश मिशन शाळेत, १८४१ ते १८४७ या काळात, असाच धर्माचा तास बसून ऐकलेले. माणसे सारखी, हा धडा त्यांनीही घेतला. पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी शाळा काढल्या, १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला, आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या अखेरच्या ग्रंथात निर्मिकाची कल्पना स्वतःच्या शब्दांत मांडली. शेषाद्री, पदमनजी, फुले आणि नावानिशी न उरलेली ती शेकडो कारकून मंडळी, सर्वांनी जवळजवळ एकच पाठ ऐकला होता. एकाने धर्म बदलला, एकाने समाज बदलावयास घेतला, पुष्कळांनी केवळ हस्ताक्षर सुधारले. शिक्षक म्हणून आम्ही या यादीकडे पाहतो तेव्हा तासाच्या शक्तीचा गर्वही वाटत नाही आणि भीतीही ओसरते. बी पेरणाऱ्याच्या हाती शेत नसते.

मात्र पेरणाऱ्याने धन्याची परवानगी घ्यावी, हे न्यायाचे आहे. हे ध्यानात येण्यास आपल्या देशास १८५४ पासून जवळपास शंभर वर्षे लागली. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाने सांगितले की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यावयाचे नाही. आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत ते दिले जात असेल तर विद्यार्थ्याच्या, आणि तो अजाण असेल तर त्याच्या पालकांच्या संमतीवाचून त्यास त्या तासाला बसविता येणार नाही. श्रीपत शेषाद्रीच्या वेळी हे कलम असते तर कोर्टाची पायरी कदाचित कोणासच चढावी लागली नसती. पुढे १९५९ साली श्रीप्रकाश यांच्या अध्यक्षतेखाली धार्मिक व नैतिक शिक्षणाविषयी समिती नेमली गेली. तिने सर्व धर्मांतील थोर पुरुषांची चरित्रे आणि शिकवण मुलांपुढे ठेवावी, असे सुचविले. मूल्यशिक्षणाच्या नावाने आज जो तास आपल्या शाळांतून होतो, त्याचे मूळ अशा विचारांत आहे. एका पालकांनी मध्यंतरी आम्हांस विचारले की, या तासाला हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगता, ती आमच्या मुलाने का ऐकावी? प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांना त्याच आठवड्यात सांगितलेल्या दुसऱ्या दोन गोष्टी दाखविल्या, एक एकनाथांची आणि एक हातिमताईची. त्यांचे समाधान झाले की नाही ते सांगवत नाही. पण मुलाचे नाव त्यांनी काढले नाही.

बाबांनी वयाच्या पन्नाशीनंतर ‘अरुणोदय’ हे आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी ते ग्रंथालयातून मिळवून वाचावे, अशी आमची शिफारस आहे. त्यातील निष्कर्ष पटावेत असा आग्रह नाही. पण त्या काळच्या बेळगाव-मुंबईकडील घरे, सण, व्रते, मुलांचे खेळ आणि शाळा यांचे जे चित्र तेथे आहे ते अन्यत्र मिळणे कठीण. आणि विशेष म्हणजे, ज्या घराचा त्याग केला त्या घराचे वर्णन करताना त्यांची लेखणी रेंगाळते. पाळक बाबा तेथे वाद घालीत असतात, आणि मुलगा बाबा मात्र मागे वळून पाहत असतो. या पुस्तकात मुख्यत्वे धर्मांतरापर्यंतचीच हकीकत आहे. अरुणोदय झाला, तेथे त्यांनी पुस्तक मिटले. दिवस कसा गेला ते त्यांच्या शंभर पुस्तकांवरून आपणच जुळवून घ्यावयाचे.

१९०४ साली बेळगावचे लंडन मिशनचे काम अमेरिकन मेथडिस्ट मिशनच्या हाती गेले. त्यानंतर दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १९०६ रोजी, बाबा पदमनजी वारले. तेव्हा ते पंच्याहत्तर वर्षांचे होते. टेलर आणि बेनन यांच्या शाळेचे वर्ग आजही बेळगावात भरतात.